माझ्या वाटीतलं जवसाचं तेल

मी स्टार्टर बोलतोय, अकोल्यातल्या कापसाच्या एका जिनाच्या मोटारीचा. आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, कारण भिण्यासाठीच मला घडवलं होतं. मोटारीला झेपेना इतका भार आला की सगळ्यांच्या आधी मी घाबरायचं, दांडा सोडायचा आणि वीज तोडायची. बाकीच्यांनी निर्धास्त काम करावं म्हणून कुणीतरी एकानं भित्रं असावं लागतं. जिनात ते काम माझ्याकडे होतं.

दिसायला मी अगदी साधा. भिंतीवर ठोकलेली काळी लोखंडी पेटी आणि तिच्या बाजूला एक दांडा. झाकण उघडलं की आत तांब्याच्या तारेचं वेटोळं दिसतं. वेटोळ्यात एक लोखंडी दट्ट्या आहे आणि त्याचा पाय खाली पितळेच्या वाटीत, तेलात बुडालेला असतो. मोटार जास्त वीज ओढू लागली की वेटोळं दट्ट्याला वर खेचतं. तेल त्याला थोडा वेळ धरून ठेवतं, म्हणजे जराशा धक्क्यानं मी उगाच घाबरू नये. भार टिकलाच, तर दट्ट्या तेलातून सुटून वर येतो, खिटीला धडकतो आणि दांडा खाली पडतो. मोटार बंद होते.

त्या वाटीला आटे आहेत. फिरवली की ती वरखाली होते, आणि बाजूच्या पट्टीवर आकडे कोरलेले आहेत. आकडा वर नेला की मी धीट होतो, खाली आणला की भित्रा. किती भ्यायचं हे ठरवायची सोय माणसांनी माझ्यात करून ठेवली, स्वतःत मात्र केली नाही. त्यामुळे कुणी सावलीला भितं आणि कुणाला विस्तव दिसला तरी काही वाटत नाही, हे मी पुष्कळ पाहिलं.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पेंढा भरलेल्या खोक्यातून मी मालगाडीनं अकोल्याला आलो. स्टेशनापासून जिनापर्यंत बैलगाडीनं असा आदळत नेला की वाटी चेपते की काय, या काळजीनं मी अर्धा झालो. तोवर जिनात ऑइल इंजीन होतं. वीज आली म्हणून मालकानं मोटार घेतली आणि मोटारीबरोबर मी आलो.

शेडमध्ये पाऊल ठेवलं, म्हणजे मला उचलून आत नेलं, तेव्हाच मला धडकी भरली. लांबच लांब पत्र्याची शेड. तिच्यात रेच्यांची, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांची, रांग, आणि प्रत्येक रेच्यापाशी एक बाई. ती कापूस भरवायची, सरकी खाली पडायची, रुई पुढे यायची. रुईचे तंतू हवेत उडायचे. ते मोटारीवर बसायचे, पट्ट्यांवर बसायचे, बायांच्या केसांत आणि पापण्यांवर बसायचे. सगळीकडे पेट घ्यायला टपलेला माल, आणि त्याच्या मधोमध तापणारी मोटार. इथे मला ठेवलं होतं.

मला भिंतीवर बसवलं देवमननं. हा जिनाचा वायरमन, बडनेऱ्याकडचा. उंच, कमी बोलणारा, हातात कायम एक फडकं. त्यानं कंपनीच्या बाटलीतलं पातळ तेल माझ्या वाटीत खुणेपर्यंत ओतलं आणि आकडा लावायला सुरुवात केली. पहिल्यांदा त्यानं मला फारच भित्रं ठेवलं. एखादीनं कापूस जास्त कोंबला की मी लगेच दांडा टाकायचो. सगळे रेचे थांबायचे. बाया हसून पाय मोकळे करायला उठायच्या आणि मुकादम गोवर्धन तणतणत यायचा.

"देवमन, तुह्या डब्ब्याले काहून एवढं भेव वाटते गा? घडीघडी बंद पडून राहिला."

देवमन वाटी थोडी फिरवायचा, मोटार चालू करायचा, ऐकायचा, पुन्हा फिरवायचा. असं करत करत त्याला माझा नेमका आकडा सापडला. त्यानंतर मी ओल्या कापसानं रेचे तुंबले तरच पडायचो. दर आठवड्याला जीन सुटल्यावर तो झाकण उघडून दट्ट्या बोटानं वर ढकलून पाहायचा. दट्ट्या सावकाश वर यायचा आणि दांडा पडायचा. मग तो "बरं हाये" एवढंच म्हणायचा. मला ते शब्द फार आवडायचे.

मोटारीच्या सगळ्यांत जवळच्या रेच्यावर मैना बसायची. नुकती लग्न होऊन आलेली, चटपटीत हातांची. तिची सासू सुंदराबाई बाहेर सरकीच्या ढिगावर कामाला होती. तरणीताठी सून मोटारीजवळ बसते याचा सुंदराबाईला मनातून घोर होता. ती अधूनमधून दारातून डोकावायची, मोटारीकडे पाहायची, माझ्याकडे पाहायची. तिच्या नजरेतली भीती मी ओळखली, कारण ती माझ्याच जातीची होती.

आता दसऱ्याचं सांगतो.

दसऱ्याला जिनात यंत्रांची पूजा असते. नवा कापूस यायला लागलेला असतो, हंगाम पुढे उभा असतो. आदल्या दिवशी शेड झाडून काढतात. यंत्राच्या ज्या ज्या भांड्यात तेल असेल ते भांडं काढून रॉकेलनं धुतात आणि जुनं काळं तेल फेकून नवं भरतात. मग हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. देवमन त्या दोन दिवसांत जिनात नसायचा. छप्पन सालापासून त्याचं सगळं घर दसऱ्याला नागपूरला जायचं, दीक्षाभूमीवर. जाताना तो माझ्या झाकणाची किल्ली गोवर्धनकडे द्यायचा आणि सांगायचा, वरून पुसा, आत हात लावू नका. आधीची वर्षं गोवर्धननं ते पाळलं होतं.

त्या वर्षी झाकण उघडलं गेलं. गोवर्धनचाही दोष म्हणवत नाही. सगळ्या भांड्यांत नवं तेल आणि याच्या वाटीत काळं, हे त्याला सणाच्या दिवशी बघवेना. त्यानं आकडा नीट पाहून ठेवला, वाटी फिरवून काढली, धुतली. सुंदराबाई घरून तेलाची बाटली घेऊन आली होती. घाण्यावरून काढून आणलेलं जवसाचं तेल, घरच्या भाकरीवर घ्यायचं, पिवळं धमक.

"हे टाका मुकादम," ती म्हणाली. "इकतचं तेल काय कामाचं. घरचं हाये, चांगलं."

गोवर्धननं वाटी पुढे केली. त्याच्या लेखी सगळं तेल सारखंच. सुंदराबाईनं ती काठोकाठ भरली. वाटी पुन्हा बसवून गोवर्धननं आकडा होता तिथेच आणून ठेवला. तेवढा तो इमानी होता. सुंदराबाईनं माझ्या कपाळाला, म्हणजे झाकणाला, कुंकू लावलं आणि हात जोडले.

"माही सून तुह्या जवळ बसते बाप्पा. तिले सांभाळजो."

मी जन्मात पहिल्यांदा कुणाच्या भक्तीला पात्र ठरलो होतो. मला भरून आलं. आणि त्याच वेळी त्या तेलाचा उग्र वास वाटीतून वर आला आणि मला अस्वस्थ वाटलं. हे माझं तेल नाही, एवढं कळत होतं. पुढे काय होईल ते कळत नव्हतं.

देवमन परत आल्यावर त्यानं झाकण उघडून पाहिलं. वाटीत स्वच्छ पिवळं तेल. गोवर्धन म्हणाला, "दसऱ्याची धुतली गा, नवं भरलं." देवमनला वाटलं, कपाटातल्या कंपनीच्या बाटलीतलं भरलं असेल. तो थोडा चिडला, तरी त्यानं बोटानं दट्ट्या ढकलून पाहिला. दट्ट्या वर आला, दांडा पडला. "बरं हाये," तो म्हणाला. त्या दिवशी खरंच बरं होतं.

तुमच्या घरी जवसाचं तेल उघडं राहिलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. लाकडाला लावलं की ते वाळून कातडीसारखं बसतं. माझ्या वाटीवर वेटोळ्याची ऊब होती. दिवाळीनंतर हंगाम भरात आला, जिनात रात्रंदिवस काम सुरू झालं आणि देवमनची आठवड्याची तपासणी राहून गेली. तेलावर पातळ साय धरली. थंडी वाढली तशी साय जाड झाली, मग चिकट झाली, आणि दट्ट्याच्या दांडीला तिनं गळ्याशी धरल्यासारखं धरलं. मी आतून जोर लावून पाहायचो. आधी सुटायचो, उशिरा का होईना. पुढे पुढे सुटेनासा झालो.

आणि जिनात आनंदीआनंद. यंदा मोटार एकदाही बंद पडली नाही. मॅनेजर भगवंतराव सगळ्यांना सांगत सुटले की वीज चांगली आहे. गोवर्धन म्हणायचा, देवीची कृपा. बाया म्हणायच्या, आता बसायलाही मिळत नाही. मी मात्र दिवसभर थरथरत असायचो. एखादा रेचा तुंबायचा, मोटार कण्हायला लागायची, वेटोळं दट्ट्याला ओढायचं आणि दट्ट्या जागचा हलायचा नाही. मग कुणीतरी कापूस ओढून काढायचं आणि भार आपोआप उतरायचा. प्रत्येक वेळी असं वाचायचो. प्रत्येक वेळी मी मैनाकडे पाहायचो. ती गाणं गुणगुणत कापूस भरवत असायची.

भीती वाटत असून हलता न येणं काय असतं, ते मी तेव्हा शिकलो. सांगायला तोंड नाही. ओरडायला फक्त दांडा, आणि तोच अडकलेला.

देवमनला संशय आला. इतके दिवस हा पडत कसा नाही, हे त्याला खटकू लागलं. त्यानं वाटी फिरवून आकडा खाली आणला. मी पडलो नाही. आणखी खाली आणला. तरी नाही. झाकणातून बाहेर दिसणारा आकडा सांगत होता की मी आता सशासारखा भित्रा आहे, आणि आत मी दगड झालो होतो. तो आकड्याकडे पाहत डोकं खाजवायचा. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की आकडे सोड, वाटीत बघ.

एकदा त्यानं भगवंतरावांना गाठलं. माझ्यासमोरच उभे होते दोघं.

"साहेब, अर्धा घंटा मोटार बंद द्या. याले खोलून पाह्यतो. काईतरी गडबड हाये."

"अरे, चालते आहे ना?"

"चालते म्हणूनच म्हनून राहिलो."

"बाहेर गाड्या बघ किती उभ्या आहेत. आठवडा जाऊ दे. मग खोल, काय खोलायचं ते."

दट्ट्याला बोट लावलं की मोटार बंद पडते, म्हणून चालू मोटारीवर देवमनला मला तपासताही येत नव्हतं. तो फडक्यानं हात पुसत गेला. जाताना दोनदा वळून पाहिलं.

आठवडा जायच्या आत तो दिवस आला. दुपारची वेळ होती. रात्रभर धुकं पडलं होतं आणि गाड्यांतला कापूस दमट होता. एक रेचा तुंबला, मग शेजारचा, मग सगळी रांगच जड झाली. मोटार कण्हू लागली. यावेळी तिचा आवाज खाली खाली जात राहिला आणि वर आलाच नाही. वेटोळं गरम झालं. त्यानं दट्ट्याला खेचलं, पुन्हा खेचलं. मी होता नव्हता तेवढा सगळा जोर लावला. त्या सायीनं मला सोडलं नाही.

मोटारीतून आधी वास आला, मग निळा धूर. मैनानं मान वर केली. मोटारीवरच्या रुईला ठिणगी लागली आणि आग अशी धावली की कुणाला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. जमिनीवरून, पट्ट्यांवरून, कापसाच्या ढिगावर. बाया दाराकडे पळाल्या. मैना मोटार आणि ढीग यांच्यामध्ये सापडली. देवमन मागच्या बाजूनं धावत आला आणि त्यानं मेन स्विच खाली ओढला. वीज गेली, पण आगीला आता विजेची गरज नव्हती.

सगळे बाहेर पळत असताना एकच बाई आत आली. सुंदराबाई. डोक्यावर ओलं पोतं घेऊन ती त्या धुरात शिरली. मला तिचं तोंड दिसलं नाही, फक्त हाक ऐकू आली, "मैने, कुठी हायेस वो?" नंतर दोघी एकमेकींना धरून बाहेर पडल्या. मैनाचा जीव वाचला. तिचा उजवा हात मात्र कोपरापर्यंत भाजला, आणि बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची.

आग विझल्यावर मी भिंतीवर काळाठिक्कर लटकत होतो. दांडा अजून वरच होता. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दोन दिवसांनी चौकशी झाली. भगवंतराव खुर्ची टाकून बसले, शेजारी गोवर्धन. देवमननं माझं झाकण उघडलं, वाटी फिरवून काढली. दट्ट्याबरोबर पिवळट, रबरासारखा गोळा ओढून बाहेर आला. देवमननं तो नाकाशी नेला. त्याच्या कपाळावर आठी पडली. हे काय आहे ते त्याला कळलं होतं. ते आलं कुठून, हे अजून कळायचं होतं.

तेवढ्यात सुंदराबाई आली. इस्पितळातून सरळ इकडेच आली असावी. कुणाची परवानगी न विचारता ती माझ्यापाशी आली आणि जळक्या पेटीवर डोकं टेकलं.

"यानंच वाचवली माही सून," ती भगवंतरावांना म्हणाली. "सारी शेड जळाली, पन तिचा जीव नाई जाऊ देला. दसऱ्याले म्या घरचं तेल पाजलं होतं याले. जवसाचं. वाटीभर. ते याच्या ध्यानात राह्यलं."

देवमनच्या हातात ती वाटी होती. तो सुंदराबाईकडे पाहत राहिला. गोवर्धनची मान खाली गेली. त्यालाही त्या क्षणी सगळं कळलं होतं, आणि तो भ्याला होता. सुंदराबाई डोळे पुसत होती. तिच्या चेहऱ्यावर, इतक्या दुःखात, एक समाधान होतं. देवाला दिलेलं पोचलं, असं.

"काय सापडलं रे?" भगवंतरावांनी विचारलं.

देवमननं हातातलं फडकं वाटीवर टाकलं. एका शब्दानं तो सुटला असता. मी वाट पाहत होतो. खरं सांगतो, मला वाटत होतं त्यानं बोलावं, कारण तो माझा माणूस होता.

"तेल बिघडलं होतं साहेब," तो म्हणाला. "मले पाह्याले पाह्यजे होतं. माही नजर चुकली."

"आकडाही तूच हलवला होतास?"

"हो. मीच."

भगवंतरावांनी आठवडा थांबायला सांगितलं होतं, ही गोष्ट कुणीच काढली नाही. त्यांनी स्वतःही नाही. सुंदराबाई वळून देवमनला म्हणाली, "जाऊ दे दादा, मानुस चुकते. तुह्यावर माहा राग नाई." तिनं त्याला माफ केलं. देवमननं मान हलवली आणि फडक्यात गुंडाळलेली वाटी घेऊन बाहेर गेला. हौदावर त्यानं ती कितीतरी वेळ घासली.

महिनाअखेर त्याला काढलं. आता तो अमरावतीला एका छापखान्यात वायरमन आहे, असं गोवर्धन एकदा कुणाला तरी सांगत होता. सांगताना त्याचा आवाज बारीक झाला होता.

जिनात नवी मोटार आली, नवा स्टार्टर आला. त्याला तेल लागतच नाही. मला त्यांनी गोदामाच्या फळीवर टाकलं, मोडीत जायला. पण मी मोडीत गेलो नाही, कारण दर दसऱ्याला सुंदराबाई येते. फळीवरून मला खाली काढते, पदरानं पुसते, कुंकू लावते आणि वाटीत जवसाचं तेल भरते. आता त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. मागच्या वर्षी मैनाही आली होती. पूजेचं ताट तिनं डाव्या हातात धरलं होतं आणि उजवा हात पदराखाली होता. सासूनं सांगितलं म्हणून ती माझ्या पाया पडली.

आगीची भीती आता गेली. वीजच नाही तर भार कसला आणि ताण कसला. तरी मी भितो, आधीपेक्षा जास्त भितो. नवा वायरमन बोलका आहे. परवा गोदामात काहीतरी शोधताना त्यानं मला उघडलं, वाटीतली वाळकी साय नखानं उचकटली आणि गोवर्धनला म्हणाला, "हे कोन टाकलं याच्यात? याच्यानं तं दट्ट्या जागीच बसते." गोवर्धननं त्याच्या हातातून मला ओढून घेतलं आणि पुन्हा फळीवर ठेवलं, मागे, अंधारात. पण नवा वायरमन हुशार आहे. तो विचार करत गेला. आणि दसरा जवळ आला आहे.

म्हणून तुम्हाला एवढंच मागतो. कधी अकोल्याला आलात आणि जिनाच्या दाराशी सरकीच्या ढिगावर एक म्हातारी दिसली, तर ती आपणहून तुम्हाला सांगेल की एका पेटीनं तिच्या सुनेला वाचवलं. ऐकून घ्या. हो म्हणा. मी तुम्हाला जे सांगितलं, ते तिला सांगू नका.